रात्रीच्या विजेचा फोटो: आधी अंतर मोजा, मग कॅमेरा लावा

वळवाची पहिली मोठी रात्र झाली की दुसऱ्या दिवशी माझ्याकडे ओळखीच्यांचे फोटो येतात. एकात सगळं आभाळ पांढरंफटक, दुसऱ्यात वीज आहे पण धुरकट, तिसऱ्यात नुसता काळोख. सगळ्यांचा प्रश्न मात्र एकच असतो: शटर किती सेकंद उघडं ठेवायचं? त्याच फोटोंत खालच्या कोपऱ्यात गच्चीचा कठडा किंवा डोंगरमाथ्यावरचं गवत दिसलं की मला फोटोपेक्षा फोटो काढणाऱ्याची काळजी वाटते.

या दोन्ही चुकांचं मूळ एकच आहे. वीज आपल्यापासून किती लांब पडते आहे, हे न बघता कॅमेरा लावलेला असतो. उघड्यावर उभं राहायचं की आत बसायचं, लेन्स कुठली, ॲपर्चर (लेन्समधलं उजेड आत घेणारं भोक) किती, हे सगळं अंतर ठरवतं. म्हणून खालचे टप्पे त्याच क्रमाने करा. मी पुण्यात राहतो आणि बहुतेक वेळा सासवड-जेजुरीच्या माळावर जातो, त्यामुळे उदाहरणं तिकडची आहेत. पद्धत मराठवाड्यात, विदर्भात किंवा गोव्यातही हीच चालेल.

टप्पा १: घराबाहेर पडण्याआधीचे नियम

आवाज एक किलोमीटर जायला सुमारे तीन सेकंद घेतो. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजा आणि तीनने भागा. तीस सेकंद म्हणजे दहा किलोमीटर. हे गणित बऱ्याच जणांना माहीत असतं, पण त्याचा अर्थ चुकीचा लावला जातो. "अजून दहा किलोमीटर लांब आहे, वेळ आहे" असा तो नाही. वीज ढगाच्या कडेपासून दहा किलोमीटर आणि कधी त्याहूनही पुढे जाऊन पडते, डोक्यावर चांदण्या दिसत असतानाही. म्हणजे दहा किलोमीटरवरच्या वादळाची पुढची वीज तुमच्या बांधावर पडू शकते.

माझा नियम म्हणून सरळ आहे: गडगडाट ऐकू आला की उघड्यावरचं काम संपलं. गडगडाट साधारण पंधरा किलोमीटरच्या आतलाच ऐकू येतो, त्यामुळे तो ऐकू येणं हीच सूचना. ट्रायपॉड तसाच सोडून आत जायचं. कॅमेरा भिजला तर भिजू दे. शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं जाईपर्यंत बाहेर यायचं नाही, आणि मध्ये पुन्हा गडगडलं तर घड्याळ पुन्हा शून्यापासून.

"आत" म्हणजे कुठे, यावरही गोंधळ असतो. पक्क्या बांधकामाचं घर, किंवा पत्र्याचं छत असलेली बंद चारचाकी, काचा वर करून. गाडीत वाचवतो तो धातूचा सांगाडा, रबराची चाकं नव्हेत. म्हणून आत बसल्यावर दाराच्या धातूला, चार्जिंगच्या वायरला हात लावू नका. चारी बाजूंनी उघडा सभामंडप, एसटीचा थांबा, शेतातली पत्र्याची शेड, तंबू आणि झाड यांपैकी काहीही "आत" नाही.

सावधान: दुचाकीवरून वादळाच्या मागे जाऊ नका. वाटेत वादळाने गाठलं तर दुचाकी कसलंही संरक्षण देत नाही. चारचाकी नसेल तर घराच्या खोलीतून फोटो काढा. त्याची पद्धत टप्पा ८ मध्ये दिली आहे.

कुणाला वीज लागलीच, तर त्या माणसाच्या अंगात वीज साठून राहत नाही. त्याला हात लावता येतो. श्वास चालू नसेल तर लगेच छाती दाबायला सुरुवात करा आणि सोबतच्याला १०८ वर फोन करायला सांगा. हात लावायला घाबरण्यात जाणारी मिनिटंच जीव घेतात.

टप्पा २: दिवस निवडणे (सकाळी)

महाराष्ट्रात विजेचे हंगाम दोन. मार्चअखेर ते जूनच्या सुरुवातीपर्यंतचे वळीव, आणि सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमधला परतीचा पाऊस. जुलै-ऑगस्टमध्ये घाटात धो धो पाऊस असतो, पण वीज फारशी नसते, कारण ते ढग उंच वाढत नाहीत. त्या महिन्यांत कॅमेरा घेऊन लोणावळ्याला जाऊन बसणारे रिकाम्या हाताने परत येतात.

वळवाच्या दिवसाची खूण सकाळीच कळते. नुसतं ऊन पुरत नाही, हवेत ओल लागते. सकाळी आठलाच घाम वाळत नसेल, बाराच्या सुमारास क्षितिजावर फुलकोबीच्या गड्ड्यासारखे ढग वर चढताना दिसले आणि तीनपर्यंत त्यांतल्या एखाद्याचा माथा ऐरणीसारखा सपाट पसरला, तर रात्र मिळण्याची शक्यता चांगली. ढग दुपारी फुगून पुन्हा विरून जात असतील तर घरीच थांबा.

तपासा:
१. हवामान खात्याचा जिल्हानिहाय तात्कालिक अंदाज. तो पुढच्या तीन तासांपुरता असतो, म्हणून सकाळी एकदा बघून भागत नाही. दुपारी तीन, निघताना आणि सहाला जागेवर पोचल्यावर, असं तीनदा बघा.
२. रडारची चित्रं. एकच चित्र बघू नका, लागोपाठची चार-पाच बघा, म्हणजे वादळ कुठून कुठे सरकतं आहे ते कळेल. "आपल्याकडे वळीव नेहमी अमुक दिशेनेच येतो" हा गावोगावचा अनुभव खरा असला तरी त्या रात्रीपुरता पुरावा नव्हे. आणखी एक गोष्ट: मुंबईचं रडार पूर्वेकडे बघताना मध्ये सह्याद्री येतो, त्यामुळे घाटाच्या अलीकडच्या ढगांचा खालचा भाग त्यात कमी दिसू शकतो. चित्र कोरं आहे म्हणून निर्धास्त राहू नका.
३. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचं 'दामिनी' ॲप. वीज कुठे पडली ते नकाशावर दिसतं आणि तुमच्याभोवती २० व ४० किलोमीटरची वर्तुळं दिसतात. आपल्या कामासाठी ही वर्तुळं सोन्यासारखी आहेत. पुढचे सगळे टप्पे त्यांवरच चालतात.

टप्पा ३: जागा, आणि तीही दिवसाउजेडी

सर्वात जास्त फोटो इथे वाया जातात. वादळ दिसलं, गाडी काढली, अंधारात कुठेतरी उभे राहिलो, आणि समोर उच्चदाबाच्या तारा. ही नेहमीची कथा. जागा आधीच्या रविवारी शोधून ठेवा. एक पुरत नाही. पूर्वेकडे उघडी, दक्षिणेकडे उघडी, अशा किमान तीन हव्यात, कारण वादळ कुठे उभं राहील ते तुमच्या हातात नाही.

चांगली जागा म्हणजे उंच जागा नव्हे, हे मनावर ठसवून घ्या. सिंहगड, पाचगणीचं टेबललँड, कासचं पठार, भुलेश्वरचा डोंगर इथून दृश्य अप्रतिम दिसतं, पण वीज पडायला याच जागा सर्वांत सोयीच्या. माथ्यावर उभा माणूस आणि त्याचा ट्रायपॉड हे त्या परिसरातलं सर्वांत उंच टोक असतं. आपल्याला हवा तो माळाचा हलका उतार, जिथून क्षितिज मोकळं दिसतं आणि मागे आपल्याहून उंच काहीतरी आहे, पण लगत नाही.

जागेवर उभं राहून हे बघा:
गाडी ट्रायपॉडपासून वीस पावलांत उभी राहते का? तिच्यावर झाड, खांब, तारा नाहीत ना? ती ओढ्याच्या पात्रात किंवा फरशी पुलाच्या खालच्या अंगाला नाही ना? वरच्या बाजूला पडलेल्या पावसाने कोरडा ओढा दहा मिनिटांत वाहू लागतो. परतीच्या दोन वाटा आहेत का? मोबाइलला रेंज आहे का? रेंज नसेल तर दामिनी आणि रडार दोन्ही बंद, म्हणजे ती जागाही बाद. महामार्गाच्या कडेला गाडी लावू नका. ढाब्याच्या आवारात मालकाला विचारून लावलेली गाडी शंभर पटींनी बरी.

आणि जमीन कुणाची आहे ते विचारा. अंधारात बॅटरी घेऊन शेतात फिरणाऱ्या अनोळखी माणसावर संशय येणं साहजिक आहे. दिवसा जाऊन बोललं की परवानगी तर मिळतेच, शिवाय नकाशात नसलेली माहिती मिळते. जेजुरीच्या अलीकडे एका बांधावर मी जागा नक्की केली होती. शेतकरी काकांनी बघितलं आणि म्हणाले, "पाव्हणं, हितं नगा थांबू. त्या लिंबावर मागल्या साली पडली हुती, साल बघा." झाडाची साल वरपासून खालपर्यंत पट्टीसारखी सोललेली होती. मी तीन वेळा तिथे जाऊनही ती मला दिसली नव्हती.

टप्पा ४: बॅग

कॅमेरा, एक रुंद आणि एक मध्यम लांब लेन्स, भक्कम ट्रायपॉड, रिमोट किंवा इंटरव्हॅलोमीटर (ठरावीक वेळाने आपोआप फोटो काढणारं साधन), दोन भरलेल्या बॅटऱ्या, रिकामं कार्ड, डोक्याची बॅटरी (लाल उजेडाची असेल तर उत्तम), सुती फडकी, एक मोठी प्लॅस्टिकची पिशवी आणि चिकटपट्टी. याशिवाय एक किलो तांदूळ भरलेली कापडी पिशवी. गाडीच्या आतून फोटो काढताना डॅशबोर्डवर ट्रायपॉड बसत नाही, ही पिशवी बसते.

विजेवर आपोआप शटर उडवणारं यंत्र रात्रीसाठी घेऊ नका. त्याचं काम दिवसाचं. रात्री शटर उघडंच ठेवायचं असतं.

घरीच करून ठेवा: लेन्सवरचा यूव्ही फिल्टर काढा, नाहीतर लख्ख विजेचं उलटं भूत फ्रेममध्ये दुसरीकडे उमटतं. कॅमेऱ्याचा पट्टा काढा, वाऱ्यात तो फडफडतो. लेन्समधलं स्थिरीकरण बंद करा. लाँग एक्सपोजर नॉइज रिडक्शन बंद करा. ते चालू असेल तर वीस सेकंदांच्या फोटोनंतर कॅमेरा आणखी वीस सेकंद स्वतःच्या कामात गुंततो, आणि सगळ्यात देखणी वीज नेमकी तेव्हा पडते. फाइल रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल), मोड मॅन्युअल, व्हाइट बॅलन्स (फोटोची रंगछटा ठरवणारी सेटिंग) ४००० केल्विनच्या आसपास कायम ठेवा. ऑटोवर ठेवला तर प्रत्येक फ्रेमचा रंग वेगळा येतो.

टप्पा ५: निघणे आणि पोचणे

मे महिन्यात पुण्याकडे सूर्य सातच्या सुमारास मावळतो आणि सव्वाआठपर्यंत पुरता अंधार होतो. माळावरची बहुतेक वादळं नऊ-दहापर्यंत ओसरतात. म्हणजे खरं काम सव्वासात ते साडेनऊ एवढंच. त्यातही पहिला अर्धा तास सगळ्यात मोलाचा, कारण आभाळात उरलेल्या निळसर उजेडात ढगाचा आकार दिसतो आणि तो फोटोला खोली देतो. अंधार पडल्यावर निघणाऱ्यांचा हाच अर्धा तास रस्त्यात जातो. सहाला जागेवर पोचा.

वादळाच्या समोरून जाऊ नका. ते ज्या दिशेने सरकतं आहे त्याच्या बाजूला, ३० ते ४० किलोमीटर अंतर राखून उभे राहा. सासवडच्या पुढे थांबून मोरगावच्या वर गरजणारं वादळ सरळ रेषेत तीसेक किलोमीटरवर असतं. तिथून पूर्ण ढग बुडापासून माथ्यापर्यंत दिसतो, पाऊस लेन्सवर येत नाही आणि गडगडाटही ऐकू येत नाही. नवख्यांना वाटतं जितकं जवळ तितकं चांगलं. जवळ गेलात की दिसतो फक्त पाऊस.

पोचायच्या पंधरा मिनिटं आधी गाडीचा एसी बंद करा, काचा उघडा. थंड लेन्स दमट हवेत आली की तिच्यावर वाफ धरते, आणि ती आपोआप जायला वीस मिनिटं लागतात. गाडीचं तोंड परतीच्या रस्त्याकडे करून लावा, किल्ली खिशात ठेवा.

सावधान: सोबत एक माणूस हवाच, आणि त्याने कॅमेऱ्याकडे बघायचं नाही. तो पाठीमागचं आभाळ आणि दामिनी बघेल. चार वर्षांपूर्वी मी आणि मित्र दोघंही समोरच्या वादळात इतके रंगलो होतो की आमच्या मागे नवा ढग उभा राहिला हे कळलंच नाही. अचानक थंड वारा आला, धुळीचा वास आला. मित्र म्हणाला, "अरे, हा वारा पुढून नाही, मागून येतोय." आम्ही गाडीत शिरलो आणि पुढच्या पाच मिनिटांत वीज आमच्यामागच्या टेकाडावर पडली. वळवाच्या दिवशी ढग एक नसतो, त्यांची पिलावळ असते. अचानक थंड झालेला वारा ही मागच्या ढगाची पहिली वर्दी समजा आणि गडगडाटाची वाट न बघता आत जा.

टप्पा ६: लेन्स आणि चौकट

इथे थोडं गणित करू. ढगाचं बूड जमिनीपासून दोन किलोमीटरवर धरलं, तर जमिनीवर पडणारी वीज दोन किलोमीटर उंचीचीच दिसणार. फुल फ्रेम (३६×२४ मिलिमीटर सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर, आडव्या चौकटीत, ३० किलोमीटरवरची ही वीज २४ मिलिमीटर लेन्सने चौकटीच्या उंचीचा जेमतेम ७ टक्के भाग भरते. ५० मिलिमीटरने १४ टक्के, १०० मिलिमीटरने २८. रुंद लेन्स लावून "वीज बारीक आली" म्हणणाऱ्यांचं उत्तर यातच आहे. अंतर अर्धं झालं की वीज दुप्पट दिसते, पण पंधरा किलोमीटरवर तुम्ही उघड्यावर नसायला हवं. म्हणून लेन्स वाढवा, अंतर कमी करू नका.

मी ५० ने सुरुवात करतो. पूर्ण ढग आतून उजळत असेल तर ती चौकट सुंदर भरते. जमिनीवर पडणाऱ्या विजा एकाच पट्ट्यात येऊ लागल्या की ८५ किंवा १०० लावतो. क्षितिज चौकटीच्या खालच्या पाचव्या भागात ठेवा आणि लेव्हल बघा. एखादं देऊळ, पाण्याची टाकी, दूरच्या गावाचे दिवे असं काहीतरी खाली असू द्या. ट्रायपॉडचे पाय पूर्ण लांब करू नका, मधली दांडी वर काढू नका.

टप्पा ७: फोकस

लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर विसंबू नका, बऱ्याच लेन्सचं खरं अनंत त्या खुणेच्या थोडं अलीकडे असतं. विजेवर फोकस करायचा प्रयत्न तर अजिबात नको, ती तितका वेळ थांबत नाही.

दूरच्या मोबाइल टॉवरचा लाल दिवा किंवा गावाचा दिवा चौकटीच्या मध्यावर घ्या. पडद्यावर दहापट मोठा करा. फोकसची रिंग फिरवून तो ठिपका लहानात लहान करा. फोकस मॅन्युअलवर टाका, रिंगवर चिकटपट्टी लावा, मग चौकट पुन्हा जुळवा.

तपासा: झूम लेन्सवर लांबी बदलली की फोकस पुन्हा करावा लागतो. वादळ ऐन रंगात येतं तेव्हा हे विसरलं जातं आणि घरी आल्यावर चाळीस फ्रेम धूसर निघतात. माझ्याही निघाल्या आहेत.

टप्पा ८: एक्सपोजर, म्हणजे मूळ प्रश्नाचं उत्तर

एक चमक सगळी मिळून अर्ध्या सेकंदाच्या आत-बाहेर संपते. त्यात त्याच वाटेने बहुधा तीन-चार झटके येतात, म्हणून ती थरथरल्यासारखी दिसते. आता विचार करा: शटर पाच सेकंद उघडं असो की तीस, विजेचा उजेड अर्धाच सेकंद आत येणार. म्हणजे शटरने वीज उजळ किंवा मंद होत नाही. विजेचा उजेड ठरवतात फक्त ॲपर्चर आणि आयएसओ (सेन्सरची उजेड टिपण्याची संवेदनशीलता). शटर ठरवतं ते बाकी सगळं: आभाळाचा रंग, गावाचे दिवे, जमीन.

वीज पांढरी जळाली म्हणून शटर कमी करणं ही शंभरातल्या नव्वद लोकांची चूक आहे. वीज तशीच जळते आणि शिवाय पार्श्वभूमी काळी होते.

अंतर बघून सुरुवात अशी करा (एफचा आकडा जितका मोठा, तितकं ॲपर्चरचं भोक लहान):

- ४० किलोमीटरच्या पुढे: एफ/४, आयएसओ ४००.
- २० ते ४०: एफ/५.६, आयएसओ २००. उघड्यावरचं बहुतेक काम इथेच होतं.
- १० ते २०: एफ/८, आयएसओ २००. गाडीतून किंवा खोलीतून.
- १० च्या आत: एफ/११ ते एफ/१६, आयएसओ १००. फक्त आतून, तेही शक्यतो पक्क्या घरातून.

ही सुरुवात आहे, अंतिम उत्तर नाही. पहिल्या तीन-चार विजा आल्या की फ्रेम मोठी करून बघा. विजेच्या मुख्य रेघेचा गाभा पांढरा असणारच. तिच्या फांद्या सुट्या दिसतात का ते बघा. रेघ दोरखंडासारखी जाड झाली आणि भोवतालचा ढगही पांढरा झाला तर ॲपर्चर एक पायरी मिटा, म्हणजे एफ/५.६ वरून एफ/८ वर जा. फांद्या दिसतच नसतील तर एक पायरी उघडा. मध्ये पावसाचा पडदा असेल तरीही एक पायरी उघडावी लागते.

विजेपुरतं जमलं की मगच शटरला हात लावा. संधिप्रकाशात दोन ते पाच सेकंद, पुरता अंधार झाल्यावर पंधरा ते वीस. गावाचे दिवे फोटोत पांढरेफटक येत असतील तर शटर कमी करा. ढगातल्या ढगात दर एक-दोन सेकंदांनी लखलखत असेल तर त्या सगळ्या चमका एकाच फ्रेममध्ये साठून आभाळ पांढरं होतं, अशा वेळी चार-सहा सेकंदांवर या. शटरने एवढंच करता येतं, आणि इथे ते करावंच लागतं.

घरातून काढणार असाल तर ट्रायपॉड खोलीत, खिडकीच्या आत ठेवा. गच्ची नको, बाल्कनीही नको. खिडकीचे गज धातूचे असतात, त्यांना लेन्स, ट्रायपॉड किंवा हात टेकवू नका. दोन गजांच्या फटीतून बघणारी लेन्स एक हात मागे असू द्या. खोलीतला दिवा बंद. कॅमेरा किंवा लॅपटॉप चार्जरला जोडलेला नको.

मोबाइलवर काढायचं तर प्रो मोड, आयएसओ ५० किंवा १००, शटर चार ते आठ सेकंद, फोकस अनंतावर, तीन सेकंदांचा टायमर, आणि फोन ट्रायपॉडवर. बहुतेक फोनचं ॲपर्चर बदलत नाही, त्यामुळे विजेचा उजेड फक्त आयएसओनेच सांभाळायचा. दुसरा मार्ग म्हणजे व्हिडिओ काढून त्यातली फ्रेम उचलणं. त्यात काही वेळा अर्धीच चौकट उजळलेली येते, कारण फोनचा सेन्सर चित्र वरून खाली ओळीओळीने वाचतो आणि वीज मध्येच संपते. एकाच चमकेच्या लागोपाठच्या फ्रेम तपासा, एखादी पूर्ण मिळून जाते.

टप्पा ९: सलग काढत राहणे

वीज दिसली की बटण दाबायचं नाही. तोवर ती संपलेली असते. इंटरव्हॅलोमीटरवर वीस सेकंदांचं शटर आणि दोन फोटोंमध्ये एक सेकंद लावा आणि हात बाजूला ठेवा. इंटरव्हॅलोमीटर नसेल तर कॅमेरा सलग मोडवर टाकून रिमोटचं बटण अडकवून ठेवा. तासाभरात सुमारे १७० फ्रेम होतात. त्यातल्या दीडशे रिकाम्या निघाल्या तरी ती रात्र चांगली गेली समजा.

दर दहा मिनिटांनी: दामिनीतलं अंतर, विजेची जागा चौकटीत आहे का, लेन्सवर वाफ किंवा थेंब, बॅटरी. विजा चौकटीच्या डाव्या काठाला सरकू लागल्या तर चौकट सरकवा, त्या परत येतील याची वाट बघू नका. वादळ सरकतं आणि बहुधा एकाच दिशेने सरकतं.

२० किलोमीटरच्या वर्तुळात पहिली वीज दिसली की गडगडाटाची वाट न बघता ट्रायपॉड मिटा. वाऱ्याच्या किंवा रस्त्याच्या आवाजात गडगडाट ऐकू येत नाही, म्हणून ॲप आणि कान यांपैकी जो आधी सांगेल त्याचं ऐका. गाडीत काच वर, कॅमेरा तांदळाच्या पिशवीवर, लेन्सचं तोंड काचेला जवळजवळ टेकलेलं, म्हणजे आतलं प्रतिबिंब येत नाही. इंजिन बंद ठेवा, त्याचा थरकाप फोटोत उतरतो.

टप्पा १०: घरी आल्यावर

कॅमेरा भिजला असेल तर बॅटरी आणि कार्ड काढून फडक्याने पुसा, पंख्याखाली ठेवा. फाइल्स उतरवल्याशिवाय कार्डवरचं काही डिलीट करू नका, रिकाम्या वाटणाऱ्या फ्रेमही नाहीत. छोट्या पडद्यावर न दिसलेल्या बारीक विजा मोठ्या पडद्यावर सापडतात.

रॉ फाइलवर आधी व्हाइट बॅलन्स, मग हायलाइट्स (उजळ भाग) खाली, मग गरजेपुरतं शॅडोज (गडद भाग) वर. विजेला जांभळा रंग चढवण्याचा मोह टाळा. कॅमेरा न हलवता काढलेल्या अनेक फ्रेम एकावर एक ठेवून लायटन ब्लेंड मोडने (प्रत्येक ठिकाणी सर्वांत उजळ फ्रेमचा भाग ठेवणाऱ्या) जोडल्या तर सगळ्या विजा एका चित्रात येतात. तसं करायला हरकत नाही, पण चित्राखाली "अमुक फ्रेम जोडून, इतक्या मिनिटांत" असं लिहा. एका क्षणात नऊ विजा पडल्या असं बघणाऱ्याला वाटू देणं खोटेपणा आहे.

शेवटी वहीत नोंद करा. त्याच रात्री, कारण सकाळी अंतर आठवत नाही. माझ्या वहीतली एक ओळ अशी आहे: "सासवडच्या पुढे, वादळ आग्नेयेला, २८ किमी, ५० मिमी, एफ/५.६, आयएसओ २००, २० सेकंद. फांद्या स्पष्ट, गावाचे दिवे जळाले. पुढच्या वेळी १२ सेकंद."